खटक्याची साक्ष : कळफलकाचा जुना आवाज परत आणताना

नागपूरहून जबलपूरकडे जाणारा रस्ता तिलवारा येथे नर्मदा ओलांडतो. १९५६ साली राज्यपुनर्रचनेच्या वेळी एक संपूर्ण उच्च न्यायालय असेच नदीच्या दक्षिणेकडून उत्तरेकडे गेले. १९३६ पासून नागपुरात असलेले उच्च न्यायालय १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय झाले आणि त्याचे मुख्य पीठ जबलपुरास आले. नागपुरात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले. राज्ये दोन झाली आणि कामकाजाच्या भाषाही वेगळ्या झाल्या. मात्र नदीच्या दोन्ही तीरांवर अर्ज, प्रतिज्ञापत्रे आणि नकला तयार करणारे यंत्र एकच राहिले आणि त्याचा आवाजही एकच राहिला. तो आवाज टाइपरायटरचा, म्हणजे टंकलेखन यंत्राचा.

तो आवाज आता जवळपास थांबला आहे. गेल्या काही वर्षांत मात्र जगभर एक वेगळेच काम सुरू झाले आहे. चाळीस वर्षांपूर्वीचे खटकेदार कळफलक उघडून, धुऊन, त्यांच्या स्प्रिंगा बदलून त्यांचा मूळ आवाज आणि बोटाला होणारी मूळ जाणीव परत आणण्याची खटपट अनेक जण करीत आहेत. वरवर पाहता हा हौशी मंडळींचा छंद वाटेल. परंतु त्यामागचा प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे आणि इतिहासाचाही आहे. एखाद्या यंत्राचा आवाज ‘परत आणला’ असे केव्हा म्हणता येते? आवाज पूर्वीइतका मोठा झाला म्हणजे? कानाला गोड लागला म्हणजे? की आणखी काही जुळले म्हणजे? उत्तरासाठी खटक्याचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

कानाने वाचलेली तार

खटक्यातून माहिती मिळते हे प्रथम तारयंत्रावर काम करणाऱ्यांच्या ध्यानात आले. सॅम्युएल मोर्स यांच्या यंत्रात संदेश कागदाच्या पट्टीवर उमटत असे आणि तो डोळ्यांनी वाचावा अशी योजना होती. परंतु यंत्राजवळ दिवसभर बसणाऱ्या माणसांना पट्टीकडे न पाहताच संदेश कळू लागला. विद्युतचुंबकाने लोखंडी पट्टी खाली ओढली की एक आवाज येई आणि ती सुटली की दुसरा, थोडा वेगळा आवाज येई. या दोन आवाजांमधील अंतर लहान असेल तर बिंदू, मोठे असेल तर रेघ. पुढे कागदाची पट्टी वगळून केवळ आवाज करणारे उपकरण तयार झाले. गोंगाटाच्या खोलीत आवाज नीट ऐकू यावा म्हणून तारमास्तर त्या उपकरणामागे तंबाखूचा रिकामा डबा ठेवीत. डबा हाच त्यांचा ध्वनिवर्धक होता.

यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. तारयंत्राचा खटका नुसता चालू यंत्राचा गोंगाट नव्हता. तो घडलेल्या घटनेची साक्ष देत होता. पट्टी खाली आली तेव्हाच पहिला खटका वाजला आणि वर गेली तेव्हाच दुसरा. घटना आणि आवाज यांच्यामध्ये तिसरे काही नव्हते. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तोवर हे नाते टाइपरायटरमार्गे संगणकापर्यंत येऊन पोहोचले होते आणि वाटेत बरेच बदललेही होते.

देवनागरीचा ठेका

टाइपरायटरवर कळ दाबली की तरफांच्या साखळीतून अक्षराची दांडी उसळते. ती रिबिनीवर आदळते, रिबिनीमागे कागद आणि कागदामागे रबरी रूळ असतो. त्याच वेळी कागद वाहणारा गाडा एक घर पुढे सरकतो. ऐकू येतो तो आवाज दोन घटनांचा मिळून बनलेला असतो. एक, अक्षराचा रुळावरील आघात. दुसरी, गाडा अडवून धरणाऱ्या दातेरी चाकाची पुढे सरकताना होणारी टिकटिक. ओळ संपत आली की घंटी वाजते. मजकूर पाहून टंकलेखन करणाऱ्याची नजर मूळ कागदावर असते, यंत्रावर नसते. अक्षर उमटले, गाडा सरकला, ओळ संपत आली, या तीनही गोष्टी त्याला कानानेच कळतात.

देवनागरी यंत्रावर हा ठेका इंग्रजीपेक्षा वेगळा होता. यंत्रावर चव्वेचाळीस-सेहेचाळीस कळा आणि प्रत्येकीवर दोन आकृत्या, म्हणजे नव्वदच्या आसपास जागा. एवढ्यात स्वर, व्यंजने, मात्रा, जोडाक्षरे, अंक आणि विरामचिन्हे बसवायची. म्हणून काही अक्षरे तुकड्यांत मांडली गेली. ‘श’, ‘ण’, ‘ध’, ‘भ’ यांचे अर्धे रूप एका कळीवर आणि उभा दंड दुसऱ्या कळीवर. पूर्ण ‘श’ उमटायला दोन खटके लागत, तर ‘क’ एका खटक्यात होई. अर्धे व्यंजन आणि दंड यांची ही युक्ती जोडाक्षरांनाही कामी येई, कारण दंड वगळला की पुढचे अक्षर थेट जोडता येई. काही चिन्हांच्या कळांवर गाडा हलतच नसे. उकार किंवा अनुस्वार हे अक्षराच्या खाली किंवा डोक्यावर बसायचे असल्यामुळे त्यांना स्वतंत्र घर नको होते. अशा कळीचा आघात ऐकू येई, पण त्यामागची गाड्याची टिकटिक ऐकू येत नसे. सरावलेल्या कानाला हा फरक पुरेसा होता.

म्हणजे ‘शंभर’ आणि ‘कमळ’ हे शब्द केवळ अक्षरांनी नव्हे, आवाजानेही वेगळे होते. ‘शंभर’ या तीन अक्षरी शब्दाला सहा आघात लागत आणि त्यांपैकी अनुस्वाराचा आघात गाडा न हलवता होई. ‘कमळ’ एकसारख्या चालीने पुढे जाई. हिंदी यंत्रावर ‘ळ’ची गरज भासत नसे, मराठी यंत्राला मात्र तो हवाच असे. या फरकांनिशीही मूळ रचना नर्मदेच्या दोन्ही तीरांवर सारखीच राहिली. रेमिंग्टनच्या नावाने ओळखली जाणारी ती मांडणी आजही संगणकावरील देवनागरी टंकलेखनात टिकून आहे.

या यंत्रांचे भारतीय पर्व मुंबईत घडले. गोदरेज अँड बॉइस कंपनीने १९५५ साली पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर तयार केला. त्याच वर्षाच्या जानेवारीत आवडी येथील काँग्रेस अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव झाला होता. परदेशी यंत्रांवर चालणाऱ्या कचेऱ्यांना स्वदेशी यंत्र मिळणे ही तेव्हा किरकोळ बाब नव्हती. टाइपरायटरमध्ये शेकडो सुटे भाग अतिशय अचूक मापाने बसवावे लागतात आणि ज्या कारखान्याला ते जमते त्याला यंत्रोद्योगातील बरेच काही जमते. महाराष्ट्रात गावोगावी टंकलेखनाचे वर्ग उभे राहिले. मराठी ३० आणि ४० शब्द प्रतिमिनिट या परीक्षा म्हणजे कारकुनाच्या, लघुलेखकाच्या नोकरीचा दरवाजा होता. असंख्य घरांतील पहिला पगार या खटक्यांतून आला.

कंपनीने टाइपरायटरचे उत्पादन २००९ मध्ये थांबवले. शिल्लक यंत्रांची बातमी २०११ मध्ये जगभर पसरली आणि ‘जगातील शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद’ असा तिचा मथळा झाला. मथळा चुकीचा होता. इतरत्र उत्पादन चालूच होते. परंतु महाराष्ट्रापुरता शेवट खरोखर जवळ आला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये राज्यात यंत्रावरील टंकलेखनाची शेवटची सरकारी परीक्षा झाली आणि त्यापुढे हे प्रमाणपत्र संगणकावरील परीक्षेचे झाले.

गरज संपली, खटका राहिला

संगणकाच्या कळफलकात कोणतीही दांडी आदळत नाही. दोन धातूंचा स्पर्श झाला किंवा विद्युतधारिता बदलली एवढे पुरे असते, आणि हे पूर्ण शांततेत घडू शकते. मग अभियंत्यांनी खटका पुन्हा का घातला? कारण शांत कळ बोटाला काहीच सांगत नाही. टाइपरायटरवर शिकलेल्या माणसाला आपले अक्षर उमटले की नाही याची खात्री हवी होती. ती पडद्याकडे न पाहता मिळाली तरच वेग टिकणार होता.

आयबीएममधील अभियंता रिचर्ड हॅरिस यांनी यावर शोधलेला उपाय भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावा असा आहे. लिओनार्ड ऑयलर यांनी १७४४ मध्ये दाखवले होते की सडपातळ उभ्या खांबावर भार वाढवत नेला तर तो आधी सरळच दबतो, परंतु एका ठराविक भारापाशी एकाएकी बाजूला वाकतो. स्थापत्य अभियंता ही घटना टाळण्यासाठी आयुष्य वेचतो. हॅरिस यांनी ती मुद्दाम घडवून आणली. कळीखाली एक बारीक स्प्रिंग उभी केली. कळ दाबताना स्प्रिंग आधी प्रतिकार करते, बोटावरील बल वाढत जाते आणि मग ती अचानक एका बाजूला कोलमडते. कोलमडताना ती भोवतालच्या नळीच्या भिंतीवर आपटते, तोच खटका. त्याच हालचालीत तिच्या तळाशी असलेली छोटी पट्टी उलटते, तोच विद्युतसंकेत. कोलमडण्याच्या क्षणी प्रतिकार एकदम घटतो आणि बोटाला ‘झाले’ असे कळते. आवाज, स्पर्श आणि संकेत या तिन्हींचे कारण एकच.

या रचनेचे एकस्व १९७८ मध्ये मिळाले. १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर आलेल्या ‘मॉडेल एफ’ कळफलकात ती विद्युतधारितेच्या पद्धतीने वापरली गेली, तर १९८५ पासूनच्या ‘मॉडेल एम’मध्ये धारितेऐवजी पातळ पटलांचा स्वस्त मार्ग निवडला गेला. भारताच्या वाट्याला हा अध्याय उशिरा आला. परकीय चलन नियमन कायद्याच्या वादात आयबीएमने १९७८ मध्ये देश सोडला होता. ती परतली १९९२ मध्ये, टाटा समूहाबरोबर. मधल्या काळात येथील कचेऱ्या टाइपरायटरवरच विसंबून होत्या. परदेशात खटका विजेच्या कळफलकात शिरला, तेव्हा महाराष्ट्रात तो अजून रबरी रुळावर वाजत होता.

निळी कळ आणि बिलाचे काउंटर

भारतीय वाचकाच्या कानाला ओळखीचा असलेला संगणकीय खटका मात्र आयबीएमचा नाही. तो चेरी कंपनीच्या ‘एमएक्स ब्लू’ या कळीचा आहे, आणि तो घरोघरी नव्हे तर काउंटरोकाउंटरी पोहोचला तो टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सच्या ‘गोल्ड’ कळफलकातून. बँका, दुकानांतील बिलाची टेबले, माहिती भरणारी केंद्रे अशा ठिकाणी तो वर्षानुवर्षे वाजत राहिला. रुपयाचे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले गेले. आयआयटी मुंबईत संशोधन करणारे उदय कुमार हे त्याचे आरेखनकार. त्यानंतर काही काळातच ते चिन्ह या कळफलकावरही आले.

निळ्या कळीची रचना वेगळ्या धर्तीची आहे. तिचा एकूण प्रवास ४ मिलिमीटर, आणि संकेत साधारण २.२ मिलिमीटरवर, सुमारे ५० सेंटिन्यूटन बलाने उमटतो. कळीच्या दांड्यावर एक छोटा सुटा कडे-भाग असतो. कळ खाली जाताना तो धातूच्या पट्टीमागे अडतो आणि उंबरठा ओलांडला की झटकन सुटून तळावर आपटतो. हा त्याचा खटका. तो सुटतो त्या वेळीच धातूची पट्टीही मोकळी होऊन स्पर्श घडवते. दोन्ही गोष्टी इतक्या जवळ घडतात की बोटाला त्या एकच भासतात, पण त्या दोन आहेत. परत येताना हे स्पष्ट होते. कळ वर येताना संकेत ज्या उंचीवर तुटतो ती उंची खाली जाताना तो जुळण्याच्या उंचीपेक्षा वर असते. जाण्याची वाट एक आणि येण्याची दुसरी, याला हिस्टरेसिस म्हणतात.

एक छोटा हिशेब येथे करण्याजोगा आहे. सरासरी अर्धा न्यूटन बल ४ मिलिमीटरपर्यंत लावले तर एका कळीमागे सुमारे २ मिलिज्यूल कार्य होते. मिनिटाला ३० शब्द आणि शब्दाला पाच कळा धरल्या तर तासाला ९,००० कळा, म्हणजे १८ ज्यूल. एक किलोचे वजन सुमारे १.८ मीटर उचलण्याइतके. तासाभराच्या श्रमाच्या मानाने हे काहीच नाही. टाइपरायटरवर कळीचा प्रवास कितीतरी लांब असे आणि दांडी उसळवण्याचे काम बोटालाच करावे लागे. विजेच्या कळफलकाने श्रम जवळजवळ नाहीसे केले. उरली ती केवळ ‘झाले’ ही साक्ष, आणि तिच्यासाठीच एवढी यंत्ररचना जपली गेली.

आवाज का बिघडतो?

दुरुस्तीचा प्रश्न येथून सुरू होतो. जुन्या यंत्राचा आवाज बिघडला असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा तो मंदावला असे आपल्या मनात असते. पण तसे नेहमी नसते. टाइपरायटरच्या रुळाचे रबर वर्षांमागून वर्षे कडक होत जाते. मऊ रबर आघाताची ऊर्जा शोषून घेते, कडक रबर ती परत फेकते. त्यामुळे म्हातारे यंत्र तरुण यंत्रापेक्षा अधिक जोरात आणि अधिक कर्कश वाजते. अक्षरे कागदाला भोके पाडू लागतात. ज्याला आज कोणी ‘जुन्या यंत्राचा अस्सल आवाज’ म्हणून नोंदवून ठेवील, तो बरेचदा त्या यंत्राचा आजारपणातला आवाज असतो. रुळावर नवे रबर चढवले की यंत्र पूर्वीसारखे, म्हणजे थोडे शांत, बोलू लागते.

उलट, अक्षरांच्या दांड्या जेथे बसवलेल्या असतात त्या खाचांत तेल घातले तर सुरुवातीला सगळे सुरळीत भासते. काही महिन्यांत तेलात धूळ मिसळून चिकट थर होतो आणि दांड्या आळसावून परततात. जाणते दुरुस्तीकार तेथे तेल घालण्याऐवजी खाचा स्वच्छ करून कोरड्याच ठेवतात. हे कोणत्याही ग्रंथात वाचून नव्हे, हाताने शिकलेले ज्ञान आहे.

‘मॉडेल एफ’मध्ये थरांच्या दरम्यान स्पंजाची एक चादर असते. चार दशकांत ती भुगा होते. भुगा झाला की थरांमधील दाब सैल पडतो आणि पट्टी नीट टेकत नाही. मग एक विलक्षण गोष्ट घडते. स्प्रिंग पूर्वीसारखीच कोलमडते, खटका पूर्वीसारखाच वाजतो, परंतु अक्षर उमटत नाही. खटका खोटी साक्ष देऊ लागतो. ‘मॉडेल एम’मध्ये थर एकत्र धरणाऱ्या प्लास्टिकच्या बारीक खिळ्यांची डोकी तुटतात. पाठीचा पत्रा ढिला होतो आणि कळ मऊ लागते. दुरुस्तीकार उरलेले खिळे कापून, तेथे भोके पाडून बारीक स्क्रू बसवतात. स्क्रू मूळचे नव्हते, तरीही त्यांच्यामुळे मूळचा ताण परत येतो.

जपानच्या आल्प्स कंपनीच्या १९८० च्या दशकातील खटकेदार कळांची कथा आणखी नाजूक आहे. त्यांत खटका देण्यासाठी एक पातळ वाकवलेली पट्टी असते. आत धूळ गेली की घसरण खरखरीत होते आणि पट्टीचा बाक कमी झाला की खटका पुसट होतो. कळ सुटी करून, भाग ध्वन्यतीत लहरींच्या पाण्यात धुऊन, पट्टीला तिचा बाक पुन्हा द्यावा लागतो. बाक अंमळ जास्त झाला तर खटका मोठा होतो, पण कळ अडखळते.

निळ्या कळीत साखरेच्या चहाचा एक थेंब पुरतो. सुटा भाग चिकटून बसतो आणि खटका जातो. मात्र धातूचा स्पर्श शाबूत असतो, त्यामुळे अक्षर उमटतच राहते. घटना उरते, साक्ष जाते. हौसेने वंगण घालणाऱ्यांच्या हातूनही हेच घडते, कारण सुट्या भागाला वंगण लागले की त्याची झेप मंदावते आणि खटका गुदमरतो. घर्षण हा सर्वत्र शत्रू नसतो, येथे तो रचनेचा भागीदार आहे.

दुरुस्तीची कसोटी

या साऱ्या उदाहरणांतून एक कसोटी हाती लागते. खटका परत आला की नाही हे त्याच्या मोठेपणावरून ठरत नाही, गोडव्यावरूनही ठरत नाही. तो योग्य क्षणी वाजतो की नाही, म्हणजे घटनेशी त्याचे नाते जुळलेले आहे की नाही, यावरून ठरते. आवाजाचे ध्वनिमुद्रण दुसऱ्या कळफलकावर वाजवता येते. मोबाइलच्या पडद्यावर टाइप करताना ऐकू येणारी टिकटिक असेच मुद्रण असते. पण तेथे बोटाखाली काहीही कोलमडत नाही, काहीही सुटत नाही. तो आवाज घटनेची साक्ष देत नाही, साक्षीची नक्कल करतो.

ही कसोटी मोजताही येते. कळीवर हळूहळू भार वाढवत प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यावर बल नोंदवले की एक वक्र मिळतो. त्यात चढ, मग अचानक उतार आणि पुन्हा चढ दिसतो. उतार किती तीव्र, तो किती खोलीवर, परतीचा वक्र किती वेगळा, यावरून बोटाला होणारी जाणीव कागदावर मांडता येते. त्याच वेळी एक ध्वनिग्राहक आणि विद्युतसंकेत एकाच कालरेषेवर नोंदवले की खटका आणि संकेत यांतील अंतर मिळते. धातूचा स्पर्श जुळताना तो काही क्षण उसळत राहतो, आणि चेरी आपल्या कळांसाठी हा काळ ५ मिलिसेकंदांहून कमी सांगते. कळफलकापासून कानापर्यंतचे अर्धा-पाऊण मीटर अंतर ध्वनी दीड-दोन मिलिसेकंदांत कापतो. इतक्या अरुंद खिडकीत ज्या दोन घटना घडतात त्या मेंदू एकच मानतो. दुरुस्तीकाराचे काम त्या दोघींना या खिडकीत परत आणण्याचे आहे.

यातून ‘मूळ’ या शब्दाचा अर्थही बदलतो. कडक झालेले मूळ रबर तसेच ठेवले तर वस्तू मूळची राहते, पण तिचे वागणे मूळचे राहत नाही. नवे रबर चढवले तर वागणे परत येते आणि वस्तूचा एक भाग जातो. संग्रहालयात ठेवायचे यंत्र आणि वापरायचे यंत्र यांची उत्तरे वेगळी असतील, आणि दोन्ही योग्य असतील. एवढेच आवश्यक की काय बदलले याची नोंद राहावी. काही जण ‘मॉडेल एम’च्या स्प्रिंगांत दात साफ करण्याचा दोरा गुंफतात, त्याने स्प्रिंगेची मागाहून उमटणारी झणझण कमी होते. कानाला ते सुखद असेल, पण ती दुरुस्ती नव्हे, तो बदल आहे. दोन्हींना एकच नाव देऊ नये.

काय राखायचे?

पाश्चात्त्य देशांत या विषयाची नोंद पुष्कळ झाली आहे. कोणत्या कळीत कोणती पट्टी, कोणत्या वर्षी कोणता बदल, हे बारकाईने लिहिले गेले आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेली युनिकॉम्प ही कंपनी कोलमडणाऱ्या स्प्रिंगांचे कळफलक पुढेही बनवत राहिली. देवनागरी खटक्याच्या वाट्याला तशी काळजी आलेली नाही. संगणकावरील देवनागरीच्या इतिहासात सांकेतिक प्रणालीची कथा सांगितली जाते. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकचे काम, १९९१ चे भारतीय लिपिसंकेताचे मानक, इनस्क्रिप्ट मांडणी यांची कथा सांगितली जाते, आणि ती सांगितलीच पाहिजे. इनस्क्रिप्टमध्ये ‘श’ला एकच कळ आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर, उच्चाराच्या क्रमाने. टाइपरायटरवर मात्र वेलांटी आधी उमटवावी लागे, कारण कागदावर ती आधी येते. उच्चाराचा क्रम योग्य की दृष्टीचा, हा वाद आज मिटल्यासारखा आहे. पण जुन्या क्रमाने घडलेली बोटे अजून आहेत. म्हणूनच मध्य प्रदेशातील संगणक-प्रावीण्याच्या परीक्षेत हिंदी टंकलेखनासाठी रेमिंग्टनच्या धर्तीची मांडणी आजही निवडता येते.

ती बोटे आणि त्या बोटांना साथ देणारे दुरुस्तीकार एका पिढीचे आहेत. रूळ केव्हा बदलायचा, गाड्याच्या स्प्रिंगेला किती पीळ द्यायचा, आघात ऐकून कोणती दांडी वाकली हे कसे ओळखायचे, हे त्यांना ठाऊक आहे. हे ज्ञान लिहून ठेवण्याची गरज त्यांना कधी भासली नाही, कारण ते ऐकायला शेजारी शिकाऊ मुलगा बसलेला असे. आता तो नसतो. यंत्र भंगारात गेले तरी दुसरे यंत्र सापडू शकते. परंतु ते नीट जुळले आहे की नाही हे सांगणारा कान गेला, तर उरलेली यंत्रे वाजतील आणि ती बरोबर वाजतात की आजारी आहेत हे कोणालाच कळणार नाही.

म्हणून विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना येथे करण्यासारखे काम आहे आणि त्याला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. एक चांगला जुळलेला देवनागरी टाइपरायटर, एक जाणता दुरुस्तीकार, एक ध्वनिग्राहक आणि वजनांचा संच एवढे पुरते. प्रत्येक कळीचा बल-प्रवासाचा वक्र, आघात आणि गाड्याची टिकटिक यांतील अंतर, गाडा न हलवणाऱ्या कळांचा आवाज, आणि दुरुस्तीपूर्वीची व नंतरची नोंद, असे सारे मोजून ठेवता येईल. आज ही मापे घेतली तर पन्नास वर्षांनंतर कोणी ते यंत्र पुन्हा उभे करील तेव्हा त्याच्या हाती तुलनेसाठी काहीतरी असेल.

तिलवाऱ्याच्या पुलाच्या दोन्ही अंगांना ‘शंभर’ हा शब्द आज कळफलकावर जवळजवळ निःशब्द उमटतो. त्यात गैर काहीच नाही. पण कधीकाळी त्याच शब्दाला सहा आघात लागत होते, त्यांतील एका आघाताला गाड्याची टिकटिक नव्हती, आणि नजर कागदावर ठेवून टंकलेखकाचा कान ती उणीव बरोबर ओळखत होता. ते ओळखणारे कान अजून आपल्यामध्ये आहेत, तोवरच ही मापे त्यांच्याकडून तपासून घेता येतील.